कॅल्क्युलसचं पुस्तक: सर म्हणतात घ्या, सीनियर म्हणतात घेऊ नका, मग ऐकायचं कोणाचं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बारावी आपल्या बोर्डातून, आता एफवायबीएस्सीला मॅथ्स घेतलंय, सरांनी पहिल्याच आठवड्यात थॉमसचं कॅल्क्युलस घ्या म्हणून सांगितलं. एसवायची मुलं म्हणतात पैसे वाया घालवू नकोस, नोट्स आणि जुने पेपर केले की विषय सुटतो. आणि ऑनलाइन बघितलं तर त्याच पुस्तकाला कोणी पाच स्टार दिलेत, कोणी एक देऊन खाली चार ओळी राग काढलाय. मग खरं कोणाचं?

मी मुंबईत बरीच वर्षं एफवायला कॅल्क्युलस शिकवतेय, त्याआधी इंजिनिअरिंगच्या मुलांना पण शिकवलंय, आणि ही तक्रार दर जूनमध्ये माझ्यासमोर येते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यातलं कोणीच खोटं बोलत नाहीये. सर म्हणतात पुस्तक चांगलं, ते खरंच चांगलं आहे. सीनियर म्हणतो कामाला आलं नाही, त्याच्या कामाला ते खरंच आलेलं नाही. फक्त प्रत्येकाने ते पुस्तक वेगळ्या कामासाठी उघडलं होतं आणि मत देताना ते काम कोणतं हे कोणी सांगत नाही. त्यामुळे कोणाचंही मत ऐकताना आधी हे विचार, की बाबा तू कोणत्या परीक्षेला बसला होतास, पुस्तक उघडलंस तेव्हा तुला काय काय येत होतं, आणि नेमका अडकलास कुठे. ही माहिती नसेल तर त्या स्टारांवरून तुला काहीच कळणार नाही.

आता थॉमसचंच घे. जॉर्ज थॉमस एमआयटीत शिकवायचे, पुस्तक १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, पुढे फिनी जोडले गेले, त्यानंतर अजून लेखक आले, पण आपल्याकडे अजूनही जुनी माणसं थॉमस-फिनीच म्हणतात. १९९६ ची नववी आवृत्ती आयआयटी बॉम्बेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्षानुवर्षं रेफरन्स म्हणून सांगितली जायची, त्यामुळे मुंबईत या पुस्तकाचं वजन आहे. पण हे लिहिलंय कोणासाठी, तर ज्यांना पुढे फिजिक्स आणि इंजिनिअरिंगमध्ये कॅल्क्युलस वापरायचंय त्यांच्यासाठी. त्यामुळे आधी आकृती, मग कल्पना, मग नियम, मग चार-पाच सोडवलेली उदाहरणं आणि शेवटी ढीगभर सम्स, अशी त्याची चाल आहे. लिमिटच्या थिअरम्सची बरीचशी प्रूफ्स मागे अपेंडिक्समध्ये आहेत, आणि रिअल नंबर्सची थिअरीसुद्धा नंतरच्या आवृत्त्यांमध्ये अपेंडिक्समध्येच, अगदी शेवटी.

आणि आपला बीएस्सीचा पेपर? नाव कॅल्क्युलस, पण आत बघितलंस तर अर्ध्याहून जास्त रिअल ॲनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसचे नियम मुळापासून सिद्ध करणं. सुरुवातच रिअल नंबर सिस्टिमने, लीस्ट अपर बाउंड, आर्किमिडियन प्रॉपर्टी, मग सिक्वेन्सेस, एप्सिलॉन घेऊन कन्व्हर्जन्स सिद्ध करा, मग कुठे लिमिट आणि कंटिन्युइटी. हल्ली सिलॅबस बदलत राहतात, ऑटोनॉमस कॉलेजांचे तर वेगवेगळेच असतात, तरी हा सूर साधारण तोच आहे. म्हणजे तुझ्या पेपरचं पहिलं युनिट थॉमसमध्ये शेवटच्या पानांवर आणि तेही दोन-चार पानांत. सीनियरने पुस्तक घेतलं, पहिला चॅप्टर उघडला, तिथे फंक्शन्स आणि ग्राफ्स, त्याला वाटलं हे तर अकरावी-बारावीचंच आहे, परीक्षेत 'सिद्ध करा' आलं, पुस्तकात ते सापडलं नाही, मग तो म्हणाला बेकार आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

इंजिनिअरिंगवाल्या मुलाची तक्रार अजून तिसरीच. त्याला सक्सेसिव्ह डिफरन्सिएशन (एकाच फंक्शनचं पुन्हा पुन्हा डिफरन्सिएशन, एन्थ डेरिव्हेटिव्हपर्यंत), लायबनित्झचा थिअरम, होमोजिनियस फंक्शन्सवरचा ऑयलरचा थिअरम, असलं सगळं परीक्षेला असतं. थॉमसमध्ये एन्थ डेरिव्हेटिव्हचा असा स्वतंत्र धडाच नाही, कारण ती आपली जुनी, इंग्रजांच्या काळापासून आलेली परंपरा आहे, अमेरिकन पुस्तकांत तिला तेवढी जागा नाही. म्हणून तो मुलगा लोकल लेखकाचं, युनिव्हर्सिटीच्या पेपरप्रमाणे बेतलेलं पुस्तक घेतो आणि त्याचं बरोबरच आहे.

आता शिक्षकांच्या मतांबद्दल बोलते, कारण याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. शिक्षक पुस्तक वाचतो तेव्हा त्याला कॅल्क्युलस आधीच येत असतं. ज्याला रस्ता पाठ आहे तो पत्ता सांगताना दोन वळणं सहज गाळतो, तसं शिक्षकाला पुस्तकात गाळलेली पायरी दिसतच नाही, डोकं ती आपोआप भरून घेतं. त्यामुळे आम्हाला आवडतात ती आटोपशीर प्रूफ्स, नेमकी भाषा आणि असे प्रश्न ज्यांची उत्तरं मागे छापलेली नाहीत. नेमक्या याच गोष्टींवर विद्यार्थी एक स्टार देतो! थॉमस आणि जेम्स स्टुअर्टचं कॅल्क्युलस, दोघांतही मागे फक्त विषम क्रमांकाच्या गणितांची उत्तरं आहेत. 'निम्मी उत्तरं नाहीत, फसवणूक आहे' असं मुलं लिहितात, आणि स्टाफरूममध्ये हाच पुस्तकाचा मोठा गुण मानला जातो कारण सम क्रमांकाची गणितं असाइनमेंटला देता येतात. मी या बाबतीत दोघांच्याही बाजूने आहे. एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाला, ज्याला विचारायला घरी कोणी नाही, त्याला उत्तर लागतंच, म्हणून त्याने विषम क्रमांकाचीच करावीत. एकेका सेक्शनखाली साठ-सत्तर गणितं असतात, त्यातली निम्मी म्हणजे काय कमी नाहीत.

शिक्षकांचं अजून एक आहे. सर जे पुस्तक सुचवतात त्याच पुस्तकातून बऱ्याचदा त्यांचं लेक्चर तयार झालेलं असतं, तीच उदाहरणं, तोच क्रम. मग मुलगा घरी जाऊन पुस्तक उघडतो आणि जे वर्गात कळलं नाही ते पुस्तकातही त्याच शब्दांत लिहिलेलं असतं. अशा वेळी दुसरं पुस्तक लागतं, ते जास्त चांगलं असतं म्हणून असं नाही, ते वेगळ्या बाजूने येतं म्हणून. हे मी माझ्या वर्गात स्पष्ट सांगते, की माझं लेक्चर कळलं नाही तर मी वापरते ते पुस्तक उघडू नका, लायब्ररीतून दुसरं काढा.

आता मुद्द्याचं. पुस्तक स्वतः कसं तपासायचं? माझ्याकडे दोन जागा आहेत, कुठलंही पुस्तक हातात आलं की मी तीच उघडते.

पहिली जागा म्हणजे लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या आणि तिच्यानंतरचं एक्स स्क्वेअरचं उदाहरण. एक्स दोनकडे जातो तेव्हा एक्स स्क्वेअर चारकडे जातो हे सिद्ध करायचंय, म्हणजे समोरच्याने एप्सिलॉन कितीही लहान दिला तरी असा डेल्टा शोधायचा की एक्स दोनपासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर ठेवला की एक्स स्क्वेअर चारपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहील. हे शंभरातल्या नव्वद मुलांना पहिल्यांदा कळत नाही, आणि का कळत नाही ते सांगते. एक्स स्क्वेअर वजा चारचे फॅक्टर पाडले की एक्स वजा दोन आणि एक्स अधिक दोन. एक्स वजा दोनचा मॉड डेल्टापेक्षा लहान हे आपल्या हातात आहे, पण एक्स अधिक दोनचं काय, तो तर एक्सबरोबर बदलतोय, त्याला धरायचं कसं? तर आपण म्हणतो की आधी डेल्टा एकपेक्षा मोठा घेणारच नाही. मग एक्स एक आणि तीनच्या मध्ये अडकला, म्हणून एक्स अधिक दोन पाचपेक्षा लहान झाला, आता सगळा गुणाकार पाच डेल्टापेक्षा लहान, म्हणून डेल्टा घ्यायचा एक आणि एप्सिलॉन भागिले पाच यातला जो लहान तो. दर वर्षी कोणीतरी हात वर करून विचारतंच, मॅडम तो एक कुठून आला? फार चांगला प्रश्न आहे हा. उत्तर असं की कुठूनही आलेला नाही, आपण ठरवलाय. अर्धा घेतला असता तरी चाललं असतं, फक्त पाचच्या जागी साडेचार आला असता. एक्सला दोनच्या आसपास कोंडून ठेवायचं होतं म्हणून एक आकडा लागत होता, बस. ज्या पुस्तकात 'समजा डेल्टा एकपेक्षा लहान आहे' एवढंच लिहून पुढे जातात ते पुस्तक एकट्याने अभ्यास करणाऱ्याला त्रास देणार.

गंमत म्हणजे थॉमस हेच उदाहरण वेगळ्या पद्धतीने करतो. तो इनइक्वॅलिटी सरळ सोडवतो, एक्स स्क्वेअर चार वजा एप्सिलॉन आणि चार अधिक एप्सिलॉनच्या मध्ये हवा, वर्गमूळ काढलं की एक्ससाठी एक इंटरव्हल मिळते, दोनपासून तिच्या दोन टोकांचं अंतर काढा, लहान असेल ते डेल्टा. बारावीतून आलेल्या मुलाला हे पटकन पटतं कारण समीकरण सोडवायची त्याला सवय आहे आणि नंबर लाइनवर चित्र दिसतं. अडचण दोन ठिकाणी येते, एप्सिलॉन चारपेक्षा मोठा घेतला तर वर्गमूळात ऋण संख्या येते म्हणून ते वेगळं बघावं लागतं, आणि फंक्शन जरा वाकडं असेल तर इनइक्वॅलिटी सुटतच नाही. बार्टल-शेरबर्टचं रिअल ॲनालिसिसचं पुस्तक, जे आपल्या बीएस्सीला खूप चालतं, ते एकवाल्या पद्धतीने जातं आणि ती पद्धत पुढे सगळीकडे उपयोगी पडते, तुझ्या पेपरलाही तीच लागेल. माझं मत विचारशील तर आधी थॉमसचं चित्र बघून घे, मग बार्टलचं प्रूफ लिही. दोन्ही एकाच दुपारी झाली पाहिजेत, मधे आठवडा गेला तर दोघांचा संबंध लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे एक्स स्क्वेअर गुणिले साइन वन अपॉन एक्स, आणि शून्याला किंमत शून्य. विचार, शून्याशी डेरिव्हेटिव्ह आहे का? फॉर्म्युल्यावर वाढलेला मुलगा प्रॉडक्ट रूल लावतो, टू एक्स साइन वन अपॉन एक्स वजा कॉस वन अपॉन एक्स, मग एक्स शून्याकडे नेतो, कॉसवाली टर्म वरखाली उड्या मारते, लिमिट नाही, म्हणून उत्तर लिहितो डिफरन्शिएबल नाही. चूक! प्रॉडक्ट रूल शून्य सोडून बाकी ठिकाणी लागतो, शून्याशी तो लावायचा अधिकारच नाही कारण साइन वन अपॉन एक्सला तिथे अर्थ नाही. शून्याशी व्याख्येवर जायचं, एच स्क्वेअर साइन वन अपॉन एच भागिले एच, म्हणजे एच साइन वन अपॉन एच, साइन कितीही नाचला तरी एकच्या वर जात नाही, म्हणून सगळं शून्याकडे. डेरिव्हेटिव्ह आहे आणि तो शून्य आहे, फक्त डेरिव्हेटिव्ह फंक्शन तिथे कंटिन्युअस नाही. हे एक उदाहरण ज्याला नीट कळलं त्याला डेरिव्हेटिव्हची व्याख्या कळली असं मी धरते, तोंडी परीक्षेत मी हमखास विचारते. पुस्तकात हे उदाहरण आहे का, आणि असेल तर चुकीचा रस्ता चुकीचा का हे लिहिलंय की नुसतं बरोबर उत्तर, ते बघ. बार्टलमध्ये ते आहे. गाईडमध्ये असलं तरी दोन ओळींत उरकलेलं असतं.

बाकी पुस्तकांबद्दल मुलं काय म्हणतात ते पण सांगते, कारण नावं तुझ्या कानावर येतीलच. मायकेल स्पिव्हॅकचं कॅल्क्युलस, १९६७ चं. ज्याला गणितातच पुढे जायचंय तो या पुस्तकावर जीव टाकतो आणि ज्याला नाही तो तिसऱ्या चॅप्टरला बंद करतो. त्याचे प्रश्न हेच खरं पुस्तक आहे, धडा वाचून प्रश्न न करता सोडून दिले तर काहीच वाचलं नाही असं समज. टॉम अपोस्टोल त्याच्या कॅल्क्युलसमध्ये इंटिग्रेशन आधी घेतो, डिफरन्सिएशन नंतर, इतिहासाच्या दृष्टीने ते योग्यच आहे कारण क्षेत्रफळाचा विचार खूप जुना, पण आपल्या सेमिस्टरच्या क्रमाशी अजिबात जुळत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी नको, सुट्टीत वाच. आयआयटी बॉम्बेचे सुधीर घोरपडे आणि बालमोहन लिमये यांचं कॅल्क्युलस आणि रिअल ॲनालिसिसचं पुस्तक २००६ मध्ये आलं, ते मला मनापासून आवडतं. कंटिन्युइटी ते सिक्वेन्सने सुरू करतात, म्हणजे पहिल्या युनिटमधे सिक्वेन्सेस शिकून आलेल्या मुलाला आधीचं शिकलेलं लगेच वापरता येतं. लॉगची व्याख्या इंटिग्रलने करतात, ट्रिग फंक्शन्सपण कोनावर न टेकता उभी करतात, जे बाकीच्या कॅल्क्युलसच्या पुस्तकांत सहसा दिसत नाही. पण भाषा घट्ट आहे, एक परिच्छेद वाचायला अर्धा तास लागला तर घाबरू नकोस, तो तसाच वाचायचा असतो. स्टुअर्ट हे थॉमसच्याच घराण्यातलं, भाषा अजून सोपी, प्रॉब्लेम सोडवायचा कसा यावर चांगली पानं आहेत, पण तुझ्या पेपरसाठी तक्रार तीच राहणार, प्रूफ्स मागे.

मराठी मिडियममधून आलेल्या मुलांसाठी एक वेगळं सांगायचंय. तुम्हाला वाटतं इंग्रजी कच्चं म्हणून पुस्तक कळत नाही, आणि मग तुम्ही पुस्तकावर किंवा स्वतःवर राग काढता. मी बघितलंय, इंग्रजी मिडियमची मुलंपण तिथेच अडकतात. अडचण 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा मिळतो' या वाक्याच्या क्रमात आहे. आधी समोरचा एप्सिलॉन देणार, मग तू डेल्टा शोधणार, डेल्टा एप्सिलॉनवर अवलंबून असणार. हाच क्रम उलटा केला, म्हणजे एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनना चालला पाहिजे म्हटलं, तर एक्स स्क्वेअरसारखं साधं फंक्शनपण नापास होईल. ही व्याख्या वहीत मराठीत लिही, हिंदीत लिही, कशातही लिही, पण क्रम बदलू देऊ नकोस.

नोट्स आणि जुने पेपर पुरतात का? पास व्हायला बऱ्याचदा पुरतात, ते मी नाकारत नाही. केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या मुलाला ऑक्टोबरमध्ये मी स्वतःच जुने पेपर काढायला सांगते, तेव्हा स्पिव्हॅक वाच म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पण एसवायला मल्टिव्हेरिएबल येतं, टीवायला मेट्रिक स्पेसेस येतात, आणि तिथे एफवायचं प्रूफ पाठ केलेलं चालत नाही, ते आपलं आपण लिहिता यावं लागतं. नोट्सवर दोन वर्षं काढलेली हुशार मुलं टीवायला येऊन अक्षरशः रडलेली मी पाहिलीयत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं कारण त्यांना एफवायलाच कोणीतरी रोज दोन पानं पुस्तक वाचायची सवय लावायला हवी होती. सोल्युशन मॅन्युअलच्या पीडीएफचं पण तेच. उत्तर वाचलं की कळल्यासारखं वाटतं. वाचून झाल्यावर पीडीएफ बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर करून बघ, अर्ध्यात हात थांबला तर ते तुला आलेलं नाही.

वजनाची तक्रारपण खरी आहे हं, हसण्यावारी नेऊ नये. हजारावर पानांचं पुस्तक घेऊन सकाळच्या विरार लोकलला उभं राहणं शक्य नाही. माझी एक विद्यार्थिनी रोज रात्री दुसऱ्या दिवशीची चार पानं हाताने वहीत उतरवून आणायची, ट्रेनमध्ये जागा मिळाली की ती वही उघडायची. तिला उतरवतानाच निम्मं कळायचं.

तर तू काय करावंस. बार्टल-शेरबर्ट कॉलेजच्या लायब्ररीतून काढ, रिअल नंबर्स, सिक्वेन्सेस, लिमिट हे सगळं ओळीने त्यात आहे आणि मागे निवडक प्रश्नांना हिंट्स आहेत. थॉमस नवं घेऊ नकोस, जुनं घे, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या स्टॉल्सवर किंवा फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर बघ. आवृत्ती कोणतीही चालेल, गणितांचे नंबर बदलतात, कॅल्क्युलस तेच असतं, सरांनी नंबर देऊन होमवर्क दिला तर मित्राच्या पुस्तकाचा फोटो काढून घे. आधी पुस्तकं बघून ये, दोन्ही जागा उघडून वाच, आणि एक्स स्क्वेअरवालं उदाहरण वाचून तिथेच उभ्या उभ्या एक्स तीनकडे जातो तेव्हा काय होईल ते करून बघ. पाचच्या जागी सात आला की पुस्तक तुला जमतंय. आणि जुनं पुस्तक घेताना शेवटची पानं आवर्जून तपास, बाइंडिंग सुटून अपेंडिक्सच गळालेलं असतं कधीकधी, आणि तुला नेमकं तेच लागणार आहे.